निळे पडलेले चेहरे

"सर, फोटो मी केलाय. करताना चेहरा व्यवस्थित होता. प्रिंटमध्ये निळा आला. यात माझ्या डोळ्यांचा काय संबंध?"

"मग कोणाच्या डोळ्यांचा? काकांचं पण अगदी असंच सुरू झालेलं."

"काकांचं मला माहीत नाही. माझे डोळे ठीक आहेत."

मी दारात चपला काढत होते. ठाण्यात नौपाड्यातला हा अल्बम स्टुडिओ. कल्याण, डोंबिवली, टिटवाळ्याकडचे फोटोग्राफर लग्नाचे फोटो इथे आणून देतात. इथे फोटोंचे रंग दुरुस्त होतात, पानं लागतात आणि फाइल छपाईला बाहेरच्या लॅबकडे जाते. मालक मिलिंद राणे, चाळिशीतला. त्याच्यासमोर तावातावाने उभी होती ती स्नेहल, नवीन रिटचर. रिटचर म्हणजे फोटोंचा रंग-उजेड हाताने ठीकठाक करणारी व्यक्ती. ही टिटवाळ्याहून यायची, आधी दोन-तीन स्टुडिओंत काम केलेली होती, आणि घाबरणारी नव्हती.

मला स्नेहलच्या आग्रहावरून बोलावलं होतं. माझं काम कलर मॅनेजमेंटचं. स्क्रीनवर जो रंग दिसतो तोच कागदावर यावा म्हणून मी मॉनिटर आणि प्रिंटर तपासते आणि एकमेकांशी जुळवून देते. लोकांना हे काम असतं हेच माहीत नसतं. सगळे उपाय थकले की मग मला फोन येतो.

मिलिंदने माझ्यापुढे अल्बमची पानं ठेवली. हळदीचा कार्यक्रम होता. नवरी पाटावर बसलेली, भोवती मावश्या-काकू. हळद शिळ्या पिठल्यासारखी मातकट दिसत होती. नवरीचे ओठ जांभळट. काकूंचे चेहरे थंडीत काकडल्यासारखे. मी पानं खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिली, कारण ट्यूबलाइटखाली रंग फसवतात. दिवसाच्या उजेडातही तेच.

"लॅबचा घोळ नसेल?" मी विचारलं.

"लॅब बदलून बघितली, मॅडम. दोन्हीकडून सेम टू सेम."

तरी मी खात्री करून घेतली. माझी एक ठरलेली टेस्ट फाइल आहे, तिचा प्रिंट कसा यायला हवा ते मला पाठ आहे. ती त्यांच्या लॅबला पाठवली. प्रिंट येईपर्यंत मध्ये एक दिवस गेला. प्रिंट बरोबर आला. म्हणजे लॅब जे मिळतंय ते इमानदारीने छापत होती. फाइलच निळी जात होती.

मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा मिलिंदने चहा मागवला आणि काकांची हकीकत सांगितली.

काका म्हणजे अरविंद पाध्ये. डोंबिवलीचे. मिलिंदच्या वडिलांनी स्टुडिओ काढला तेव्हापासून तिथे. रोल धुवायचे दिवस त्यांनी पाहिले होते, मग कॉम्प्युटर शिकले, आणि रंगाचं सगळं काम त्यांच्याकडेच राहिलं. मिलिंद स्वतः त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून शिकला होता. पानं लावणाऱ्या दोन मुली वेगळ्या मशीनवर बसायच्या. त्यांनी पहिल्यांदा म्हटलं, काका, फोटो निळे वाटतायत. काका म्हणाले, माझ्याकडे तर छान दिसतायत. मग ग्राहकांच्या तक्रारी सुरू झाल्या.

"मी काय आंधळा विश्वास ठेवला नाही हां, मॅडम," मिलिंद म्हणाला. "मी स्वतः काकांच्या मशीनवर बसलो. फोल्डरमधून फोटो उघडला. निळा! म्हटलं, काका, तुमच्याच स्क्रीनवर निळा दिसतोय की. त्यांनी वाकून बघितलं. म्हणाले, हो रे. आहे खरा निळा. मग मला करताना कसा नाही दिसला?"

"मग?"

"मग काय. वय झालं, शुगर आहे. मीच त्यांना स्कूटरवर बसवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदूची सुरुवात होती. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, थांबलात तरी चालेल. काका थांबायला तयार नव्हते. एका डोळ्याचं करून घेतलं. परत आले तर काम आणखीनच बेभरवशाचं. एक फोटो निळा, दुसरा पिवळा. एके दिवशी चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, मिलिंद, मला आता दिसत नाही. आणि गेले."

"आणि त्यांच्या जागी स्नेहल."

"हो. आणि तिचे पण निळे."

मी कप खाली ठेवला. मिलिंदच्या बोलण्यातला एक शब्द मला टोचत होता.

"तुम्ही फोटो फोल्डरमधून उघडला होता?"

"हो. डबल क्लिक."

"आणि काका काम कशात करायचे?"

"एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. का?"

मी स्नेहलला उठायला सांगितलं आणि तिच्या, म्हणजे आधीच्या पाध्यांच्या, खुर्चीवर बसले. माझ्या पेनड्राइव्हवर राखाडी पट्ट्यांची एक फाइल असते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नुसते राखाडी टप्पे. चेहऱ्यात किंवा साडीत रंग थोडा सरकला तर पटकन कळत नाही. राखाडीत कळतो. ती फाइल मी फोल्डरमधून डबल क्लिक करून उघडली. फोटो नुसते बघायच्या साध्या व्ह्यूअरमध्ये ती राखाडी दिसली. मग तीच फाइल एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवल्या.

एडिटिंगमधली पट्टी पिवळट होती. जुन्या वर्तमानपत्रासारखी.

स्नेहल माझ्या खांद्यावरून वाकली. "एकच फाइल आहे ना ही, मॅडम?"

"एकच."

मिलिंदनेही पुढे होऊन बघितलं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. प्रत्येक मॉनिटर रंग आपल्या मनाने दाखवतो. एखाद्याचा लाल भडक, एखाद्याचा निळा जास्त. डिस्प्ले प्रोफाइल म्हणजे त्या मॉनिटरच्या खोडी नोंदवलेली एक छोटी फाइल. एडिटिंगचं सॉफ्टवेअर ती वाचतं आणि त्या हिशेबाने रंग सावरून दाखवतं. त्या स्टुडिओतला साधा व्ह्यूअर तिच्याकडे बघतही नव्हता. आता ही फाइलच भलती असेल तर सॉफ्टवेअर नसलेली चूक सुधारत बसतं.

तेच झालं होतं. सेटिंगमध्ये पाहिलं तर त्या मॉनिटरला दुसऱ्याच कुठल्या मॉडेलची प्रोफाइल लागलेली. तिचं म्हणणं होतं की हा मॉनिटर फार निळा आहे. म्हणून सॉफ्टवेअर निळा कमी करून दाखवायचं. मॉनिटर मुळात निळा नव्हताच, त्यामुळे प्रत्येक फोटो पिवळट दिसायचा. समोर बसलेला माणूस पिवळेपणा घालवायला निळा वाढवायचा. स्क्रीनवर चेहरा छान व्हायचा आणि फाइलमध्ये प्रेताचा रंग भरला जायचा. तोच फोटो नंतर फोल्डरमधून उघडला की खरा, निळा दिसायचा. त्याच स्क्रीनवर, त्याच माणसाला.

मी कलरिमीटर काढला. माउसएवढं यंत्र असतं, स्क्रीनवर टेकवून लटकवायचं. ते एकेक रंग मोजतं. त्याने सांगितलं की मॉनिटर अगदी ठणठणीत आहे. त्या मोजमापावरून नवीन प्रोफाइल बनवली, लावली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. स्नेहलने सकाळीच पूर्ण केलेला एक फोटो समोर आला. नवरा-नवरी, दोघंही निळे.

"म्हणजे मी सकाळपासून हे करत होते," स्नेहल हळू आवाजात म्हणाली.

"ही फाइल लावली कोणी?" मिलिंदने विचारलं.

"बहुतेक कोणीच नाही. सिस्टिम अपडेट होताना ती कधी कधी स्वतःच एखादी प्रोफाइल उचलून लावते. तुम्हाला कळतही नाही."

मिलिंदने वाकून स्क्रीनवरचे निळे नवरा-नवरी पाहिले. त्याला कोणावर तरी रागवायचं होतं, पण रागवायला समोर कोणी नव्हतं.

"म्हणजे काकांचे डोळे..."

"काकांना जे दिसत होतं ते बरोबर दिसत होतं," मी म्हटलं.

"मी त्यांना फोन नाही करू शकत, मॅडम. माझ्याच्याने नाही होणार. तुम्ही डोंबिवलीच्याच ना? तुम्ही सांगाल का?"

हे माझं काम नव्हतं. तरी मी हो म्हटलं. मला वाटलं, चांगली बातमी आहे. कोणाला तुमचे डोळे शाबूत होते असं सांगायला मिळणं काही रोज होत नाही.

पाध्ये पूर्वेला एका जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहतात. काकूंनी दार उघडलं. काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, मांडीवर पेपर, घडी न मोडलेला. मी ओळख सांगितली. स्टुडिओचं नाव ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला.

मी सगळं सांगितलं. जमेल तितकं सोपं करून. खरं तर सोपं करायची गरज नव्हती, ते अर्ध्यातच समजले. मध्ये त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"व्ह्यूअर आणि एडिटिंग शेजारी शेजारी ठेवून बघितलंत?"

"हो."

"मी नाही ठेवलं कधी," ते म्हणाले. "आधी करायचो, मग बंद करून फोल्डरमधून बघायचो. निळा दिसला की वाटायचं, डोळे थकलेत. तोंड धुऊन यायचो. पुन्हा उघडायचो, की बरोबर. पुन्हा बंद केला की निळा. मला वाटायला लागलं, डोळे नाही, डोकंच फिरलंय."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे आत्ता सांगताय?"

"अगं, त्यांना काय माहीत," काका म्हणाले.

"माहीत नसेल. पण मी काय बघितलंय ते तुम्हाला माहीत नाही, ताई. टोमॅटो पिकलाय का ते मला विचारतात. शर्ट घालताना विचारतात, निळा आहे की राखाडी? सिग्नलला भीती वाटते म्हणून स्कूटर विकायला काढली. मुलीने साड्या दाखवायला व्हिडिओ कॉल केला तर उठून आत गेले. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या साड्यांचे रंग जपले तो."

मी म्हटलं, "काका, पण आता कळलंय ना. तुमची चूक नव्हतीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एक तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला.

"तो पडदा दिसतोय? या डोळ्याने पांढराशुभ्र आहे. थोडा निळसरच." हात उजव्या डोळ्यावर नेला. "आणि याने सायीसारखा. ऑपरेशन झालेला डोळा एक सांगतो, न झालेला दुसरं. डॉक्टर म्हणतात, असं होतंच, दुसऱ्याचं पण केलं की जुळेल. मी म्हटलं, नको. आधी दोन्ही एकच सांगत होते. मीच जाऊन बिघडवून घेतलं."

मी टेबलावरचं पाणी प्यायले.

मग त्यांनी मला कल्याणच्या एका बाईंबद्दल सांगितलं. मिलिंद हे बोलला नव्हता.

मुलीच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत या बाईंचे यजमान हृदयविकाराने गेले. अल्बम तेव्हा स्टुडिओत तयार होत होता. पाध्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी त्या गृहस्थांचे सगळे फोटो पुन्हा हाताखालून घातले. एकेक चेहरा वेळ घेऊन केला. कन्यादानाचा फोटो तर फार जपून. बाई स्वतः अल्बम न्यायला आल्या. काउंटरवर उभ्या राहूनच पानं उलटली आणि कन्यादानाच्या पानावर थांबल्या.

"म्हणाल्या, हे असं मी त्यांना हॉस्पिटलमध्ये बघितलं होतं," पाध्ये म्हणाले. "ओरडल्या नाहीत. अल्बम मिटला, काउंटरवर ठेवला आणि जिना उतरून गेल्या. मी आत बसलो होतो. सगळं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मीच मिलिंदला म्हटलं, चल डॉक्टरांकडे."

जितका जास्त वेळ त्यांनी त्या चेहऱ्याला दिला होता, तितका निळा त्यात जास्त गेला होता. हे मला कळलं आणि त्यांनाही कळलं.

मूळ फोटो स्टुडिओत सुरक्षित होते. ते कॅमेऱ्यातून आलेले जसेच्या तसे ठेवलेले असतात, दुरुस्ती नेहमी प्रतीवर होते. मी मिलिंदला सांगितलं, तो अल्बम नव्याने करा. मिलिंदने शेवटी धीर करून पाध्यांना फोन केला. काय बोलणं झालं माहीत नाही, पण ते यायला तयार झाले. फक्त तो एक अल्बम करायला.

त्या दिवशी मीही गेले. मला मॉनिटर पुन्हा एकदा मोजायचा होता, असं मी स्वतःला सांगितलं. पाध्ये इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मिलिंद पुढे होऊन वाकला, पायाला हात लावला. "काका, सॉरी," एवढंच म्हणाला. पाध्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. पानं लावणाऱ्या मुली उठून उभ्या राहिल्या होत्या. स्नेहलने खुर्ची मोकळी केली.

त्यांनी कन्यादानाचा मूळ फोटो उघडला. एक साधा, गोल चेहऱ्याचा माणूस, कपाळाला गंध, मुलीचा हात हातात धरलेला. मांडवातल्या पिवळ्या दिव्यांमुळे फोटो जरा तांबूस होता. नेहमीचं काम. पाध्यांनी निळा थोडा वाढवला. थांबले. कमी केला. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. पुन्हा वाढवला. पुन्हा पहिल्या जागी आणला. त्यांच्या मानेवर घाम दिसत होता. खोलीत एसी चालू होता.

"काका, स्क्रीन आता एकदम बरोबर आहे," मी म्हटलं. "मी आत्ताच मोजली."

"स्क्रीन असेल हो," ते म्हणाले.

त्यांनी माउस सोडला.

"मला दोन माणसं दिसतायत," ते म्हणाले. "एक आजारी वाटतो, एक उन्हातून आलेला. यातला त्यांचा नवरा कुठला ते मला ठरवता येत नाहीये. पूर्वी ठरवायला लागायचंच नाही. हात आपोआप थांबायचा."

"सवय होईल, काका. हळूहळू," मिलिंद म्हणाला.

"नाही रे. मी तेव्हा सहा वेळा बरोबर केला असेल तो फोटो. आणि सहाही वेळा मला बरोबर वाटला होता." ते उठले. "स्नेहल, तू कर. चेहरा जरा उबदार ठेव. फार गोरा करू नकोस, माणूस सावळा होता."

स्नेहल बसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. "काका, तुम्ही शेजारी बसा ना. तुम्ही सांगा, मी करते."

"मी काय सांगणार?" ते म्हणाले, आणि चपला घालायला लागले.

मिलिंद त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडून आला. परत आल्यावर तो बाथरूममध्ये गेला, नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

तो अल्बम स्नेहलने केला. चांगला केला. प्रिंट मी स्वतः खिडकीशी नेऊन तपासले. चेहरा उबदार होता, सावळा होता, जिवंत होता. बाईंना फोन केला तर त्यांनी मुलीला पाठवलं. मुलीने कन्यादानाचं पान उघडून पाहिलं, रडली, आभार मानले. मिलिंदने विचारलं, आईंना आवडेल ना? ती म्हणाली, "आई नाही बघणार. तिने सांगितलंय, घरात आण, पण मला दाखवू नकोस." पहिला अल्बम पुसून टाकायचं कोणतंही सॉफ्टवेअर नसतं. बाईंच्या डोळ्यांपुढे जो चेहरा बसला होता तो बसलाच होता.

पाध्ये पुन्हा स्टुडिओत आले नाहीत. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी अजून केलेलं नाही. मी मध्ये एकदा भेटून आले. माझ्याकडे रंग ओळखायची एक चाचणी असते, जवळजवळच्या छटांच्या सोंगट्या क्रमाने लावायच्या. मला वाटलं, ती लावून दाखवली तर त्यांना धीर येईल. पेटी बघूनच ते म्हणाले, "बरोबर आली तरी मी विश्वास ठेवणार नाही, आणि चुकली तर लगेच ठेवीन. राहू दे." काकूंनी पोहे दिले. त्या माझ्याशी आता नीट बोलतात. मी पेटी तशीच परत आणली.

स्टुडिओ चालू आहे. मिलिंद आता ठरावीक काळाने मला बोलावतो आणि प्रत्येक मशीन मोजून घेतो. स्नेहल कुठलाही फोटो लॅबला पाठवण्याआधी व्ह्यूअर आणि एडिटिंग, दोन्हीकडे उघडून बघते. तक्रारी येत नाहीत. कागदोपत्री म्हणाल तर माझं काम यशस्वी झालं.

नवीन ठिकाणी गेले की मालक आधी प्रिंट दाखवायला धावतात. मी म्हणते, प्रिंट नंतर. इथे रंगाचं काम कोण करतं, आणि त्या माणसाबद्दल तुमचं काय ठरलंय ते आधी सांगा. बहुतेक ठिकाणी काहीतरी ठरलेलंच असतं. कोणाचं वय झालेलं असतं, कोणाचं लक्ष नसतं, कोणी मोबाइलमध्ये असतं. मग मी राखाडी पट्टी उघडते. कधी माणूसच चुकलेला निघतो, नाही असं नाही. पण स्क्रीन तपासायला चहा निवेपर्यंतचा वेळ लागतो, आणि चुकीची प्रोफाइल काढून दुसरी लावता येते. तेव्हा क्रम सांभाळावा. आधी स्क्रीन, मग माणूस.